पल्लवीच्या नावावरचे धडे

—तिथं नका बसू ताई, इकडे या, खिडकीसमोर. ही खुर्ची जरा डुगडुगते, पण चालेल, पडायची नाही. तुमच्या तोंडावर उजेड आला पाहिजे. म्हणजे — पाहुण्या माणसाचं तोंड दिसलं की बरं वाटतं, दुसरं काय. हां. आता बोला. पल्लवी? हो हो, पल्लवीचंच घर हे, बरोबर आलात तुम्ही. सुरतेच्या ह्या डिंडोलीत पत्ता सापडणं म्हणजे सोपं नाही, सगळ्या सोसायट्या एकसारख्या, रिक्षावाले पण फिरवत बसतात. मी तिचा आबा. आजोबा. निंबा माझं नाव. बाहेर पाटीवर धर्मेंद्र लिहिलंय ना, तो माझा मुलगा, पल्लवीचा बाप. पाणी घ्या आधी. आणि हे काय काढलंत पिशवीतून? बघू — चष्मा कुठं गेला माझा — डोक्यावरच आहे. ‘कुमारी पल्लवी धर्मेंद्र निकम. विज्ञान आणि इतिहास या विषयांचे दोनशे अकरा ऑनलाइन धडे पूर्ण केल्याबद्दल.’ अरे वा. दोनशे अकरा. मला वाटलं होतं दोनशे नऊ झालेत, मोजताना दोन सुटले वाटतं.

म्हणजे तीच म्हणत होती, दोनशे नऊ. पल्लवी. आता — आता ती घरी नाहीये ना. ट्यूशनला गेली. येईल. कधी ते काय सांगता येत नाही, तुम्ही कशाला थांबता, कागद ठेवून जा, मी देतो तिला. फोटो? तिच्या हातात देऊन फोटो काढायचाय? असं असतं का. बरं. बसा मग. प्रश्न पण विचारायचेत? विचारा ना, मी सांगतो, मला तिचं सगळं माहीत आहे.

काय आवडतं तिला? विज्ञानात म्हणाल तर आवाज, मग प्रकाश, मग चुंबक. दगडांचा जो भाग आहे ना तुमचा, खडक कसे तयार होतात तो, तो फार चांगला केलाय, त्यात लाव्हा थंड होताना दाखवलाय — आपला खानदेशातला काळा दगड तसाच झाला म्हणे, आपण लहानपणी त्याच्यावर धुणं आपटायचो, तेव्हा कुणाला माहीत होतं की ही आग होती एके काळी? आणि इतिहासात सुरतेचा धडा. सुरतेचा इतिहास म्हणजे आपल्या मराठी माणसाला एकच ठाऊक, लुटीचा. शाळेत तेवढाच शिकवला. आणि इथं आल्यावर शेजारचे गुजराती लोक त्याच्यावरून चिडवतात, तुम्ही लोक आधी लुटायला आलात आन आता कापडाचे लूम चालवायला आलात, असं हसत हसत. पण तुमच्या त्या धड्यात नकाशा आहे बघा — बऱ्हाणपूरहून निघालेली बैलांची रांग, थाळनेर, नंदुरबार, नवापूर, व्यारा करत करत सुरतेच्या बंदराला येते, पाठीवर कापडाचे गठ्ठे. चारशे वर्षांपूर्वी! मी तो नकाशा बघितला आणि म्हटलं, अरे, ही तर आपली गाडी. दोंडाईचाहून उधन्याला येतो ती लाईन. त्याच वाटेनं मी एकोणीस वर्षांचा असताना आलो, एक पत्र्याची पेटी घेऊन. मला वाटायचं आपण घर सोडून भलतीकडे आलो. आणि आपलं कापड तर चारशे वर्षं इकडेच येतंय. दुसऱ्या दिवशी बस पकडून चौकबाजारला गेलो, किल्ला बघितला, तापीच्या काठाला उभा राहिलो, म्हटलं इथं गलबतं लागायची. चाळीस वर्षं ह्या गावात काढली ताई, किल्ला आतून पहिल्यांदा बघितला. तिथल्या चहावाल्याला सांगायला लागलो गलबतांचं, तर तो म्हणाला, काका, कप जल्दी आपो ने. म्हणजे कप लवकर परत द्या.

हं? काय विचारलंत? नाही कळलं. जरा इकडे बघून बोला, कागदात बघून नाही. — वेळ? धड्यांची वेळ त्या मोठ्या मोबाईलमध्ये दिसते तुम्हाला? रोज अकरा ते दोन. हो का. सोमवार ते शनिवार. हो, तेव्हा शाळा असते खरी. पण तिची — तिची सकाळपाळीची शाळा आहे. बाराला सुटते. म्हणजे अकराला. बघा ना, मी पण काय बोलतोय.

तुम्ही असं बघू नका ताई. पेन खाली ठेवता का जरा? मग सांगतो.

पल्लवी इथं राहत नाही. चौदा महिने झाले. धर्मेंद्रला चाकणला नोकरी लागली, मोठ्या कारखान्यात, तो, सूनबाई सुषमा आणि पोरगी, तिघं तिकडे गेले. मला म्हणाले चला. मी म्हटलं, तिथं एका खोलीत चौघं कसे राहायचे, मी आहे इथं, घराला माणूस पाहिजे. खरं सांगू तर त्यांनी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर गेलो असतो. — म्हटलं पण असेल. मला ऐकू आलं नसेल.

हां, तेच. मला ऐकू येत नाही. तुम्हाला कळलंच असेल, खिडकीत बसवलं तेव्हाच. ओठ बघून चालवतो मी. तुमचं बोलणं स्वच्छ आहे, तुमच्यासारखी माणसं असली की निभतं. मिशीवाला आला की संपलं. मशीन आहे कानाचं, शिबिरात दिलेलं, कपाटात आहे. ते घातलं की पंख्याचा, गाडीचा, भांड्याचा सगळा गोंगाट आत येतो आणि माणूस मात्र बाहेरच राहतो. लूममुळं झालं. अडतीस वर्षं लूमवर. तुम्ही आत गेलात कधी लूमच्या खात्यात? दारातूनच कान दाबाल. दीडशे लूम एका छताखाली, धोटा इकडून तिकडे खडाखड, बारा बारा तासांची पाळी. आत कुणी बोलत नाही, हातानं सांगायचं — तार तुटली, सुताचा बीम संपला, शेठ आला — सगळ्याच्या खुणा. तिथं मी बहिरा नव्हतो. तिथं सगळेच तसे. बाहेर आल्यावर सगळेच ओरडून बोलायचे, बायका म्हणायच्या लूमवाल्यांची पोरं पण ओरडतात. त्यामुळं काय झालं, की मला कधी कळलंच नाही. खरंच नाही कळलं. मला वाटायचं लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

कळलं ते तुमच्यामुळं. म्हणजे तुमच्या त्या आवाजाच्या धड्यामुळं. तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत. पल्लवी तेव्हा चौथीत. शाळेतून सांगितलं होतं हे बघा म्हणून, आणि तिला एकटीला बसायचा कंटाळा, म्हणून माझ्या मांडीला टेकून बसायची, मोबाईल दोघांच्या मध्ये. इथंच, ह्या चटईवर. त्या धड्यात एक पट्टी आहे ना, बोटानं सरकवायची? एका सेकंदात हवा किती वेळा थरथरते त्याचा आकडा वर दिसतो आणि तसा आवाज येतो. सुरुवातीला घूं घूं, आपल्या पिठाच्या गिरणीसारखा. पल्लवी सरकवत गेली. हजार. दोन हजार. मी म्हटलं, हां, शिट्टी वाजतेय. अडीच हजार. तीन हजार. मी म्हटलं, बंद पडला गं तुझा मोबाईल. ती म्हणाली, ‘नाही आबा, वाजतोय.’ मी म्हटलं, कुठं वाजतोय? ती हसायला लागली, तिला वाटलं मी गंमत करतोय. पाच हजार, आठ हजार — तिनं एका हातानं कान झाकला, एवढं तिला टोचत होतं ते, आणि मी ढिम्म. मी मोबाईल कानाला लावला. काही नाही. ती पंधरा हजारापर्यंत गेली. आणि मग हसायची थांबली.

पोर हुशार. पुढच्या पानावर ते चित्र होतं, कुठलं अक्षर कुठल्या आकड्यावर राहतं त्याचं. आ, ओ, ऊ खाली, जाड आवाजात. आणि स, श, फ, ट, क वगैरे सगळी वर, तिथं, जिथं माझं काहीच नाही. तिनं ते बोटानं दाखवलं. म्हणाली, ‘आबा, म्हणजे तुम्हाला शब्दातला अर्धा भाग येतो आणि अर्धा येत नाही.’ मग माझ्या पाठीमागं जाऊन उभी राहिली, वहीत दहा शब्द लिहिले होते, नेहमीसारखं बोलत गेली आणि मी मागून म्हणायचं. दहातले तीन बरोबर आले. मी म्हटलं, असू दे गं, म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं. तर ती समोर आली आणि म्हणाली — हे मला नीट दिसलं, तिच्या ओठांवर — म्हणाली, ‘म्हणून आजी म्हणायची, तुझ्या आबांच्या कानात माझं बोलणं जातच नाही.’

मी म्हटलं, आजी? आजी कुठं बोलायची? ती तर गप्पच असायची.

‘आजी रोज बोलायची,’ पल्लवी म्हणाली. ‘तुमच्याशीच बोलायची. तुम्ही टीव्हीकडे बघायचात.’

पंखा वाढवू का? नको? बरं.

प्रमिला तिचं नाव. माझी बायको. त्याच वर्षी फेब्रुवारीत गेली होती ती, दिवाळीच्या आठ-नऊ महिने आधी. काय सांगू तुम्हाला, मी लोकांना मोठ्या अभिमानानं सांगायचो — आमच्या घरात पंधरा वर्षांत शब्दाला शब्द नाही. बायको असावी तर अशी, एक तक्रार नाही. पाळीवरून यायचो, ताट पुढ्यात, खाल्लं, झोपलो. ती चुलीकडे तोंड करून, म्हणजे गॅसकडे, पाठमोरी, आणि मी मागं. माझ्या कानात तेव्हा पण खडाखड चालूच असायची, पाळी संपली तरी दोन-तीन तास जात नाही ती. कधी कधी तिच्या पाठीकडून काहीतरी यायचं, आ-ओ-आ असं, मी म्हणायचो हो, हो. भांडण व्हायला दोघांना ऐकू यावं लागतं ना.

तिच्या पोटात गाठ होती. दवाखान्यात नेली तेव्हा फार उशीर झालेला. आणि नेली ती पण शेजारच्या उज्ज्वलाबाईनं ढकलून, ती स्वतः आत आली आणि माझा हात धरून म्हणाली, निंबाभाऊ, आज पाळीला जायचं नाही. डॉक्टरनं विचारलं, कधीपासून दुखतंय? प्रमिलानं माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरकडे वळून काहीतरी बोलली. आणि डॉक्टरनं पण माझ्याकडे बघितलं. ते बघणं माझ्या डोळ्यापुढून जात नाही. मला वाटलं, हा असा का बघतो? मी म्हटलं, साहेब, ती कधी बोललीच नाही. त्यानं कागदावर लिहिलं ते मी वाचलं — आठ महिने. मला राग आला ताई. तिचाच राग आला. आठ महिने दुखतंय आणि नवऱ्याला सांगायचं नाही? मी तिला तिथंच बोललो, दवाखान्याच्या बाकावर. मोठ्यानं बोललो असणार, लोक बघत होते. तिनं फक्त माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मुलाला, सुनेला तिनं सांगितलं नव्हतं. का, तर आधी घरच्या मालकाला सांगायचं, मग पोरांना. आमच्याकडच्या बायकांचं असंच. आणि मालकाला तर सांगून झालेलं होतं. रोज सांगून झालेलं होतं.

पल्लवी म्हणाली ना, त्या रात्री मला झोप नाही आली ते जाऊ द्या, पण एक एक आठवायला लागलं. आमच्या घरात अहिराणीच. ती पाठमोरी असायची आणि म्हणायची — आता जोडून बघितलं की कळतं काय म्हणायची — ‘मन्हं पोट दुखस.’ माझं पोट दुखतं. आणि मला काय ऐकू यायचं? पो— एवढंच. पो. मला वाटायचं पोळ्या. पोळ्या करू का विचारतेय. मी म्हणायचो, ‘हा, कर.’ दोन-तीनदा तर मी म्हटलंय, ‘दोन जास्तीच्या कर.’ आणि तिनं केल्या. पोट धरून उभी राहून केल्या असतील. आणि मी खाल्ल्या.

घ्या, पाणी घ्या. नाही, मी ठीक आहे. तुम्हालाच देतोय.

हे मी धर्मेंद्रला सांगितलं नाही. कुणालाच नाही. तुम्हाला कसं काय सांगितलं मला समजत नाही, तुम्ही कागद द्यायला आलात आणि मी काय घेऊन बसलो. तर — त्याच्यानंतर आम्ही दोघांनी सगळे धडे सुरू केले. पल्लवी आणि मी. ती समोर बसायची, तोंड माझ्याकडे करून. आणि तुम्ही लोकांनी एक फार चांगलं केलंय, ते कुणी सुचवलं त्याला माझा नमस्कार सांगा — धड्यातला माणूस बोलतो ना, तेव्हा खाली अक्षरं येतात. तो जे जे बोलतो ते सगळं. एक शब्द सुटत नाही. मी सातवी शिकलेला माणूस, वाचता भराभर येतं मला, गावातल्या शाळेत पहिला नंबर होता. अडतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी पूर्ण वाक्य बोलत होतं. बाकी माणसांना खाली अक्षरं नसतात. त्यात ती एक बाई येते, बारीक चेहऱ्याची, निळी साडी, चंद्राचा धडा शिकवते — ती सुरुवातीला म्हणते, ‘नमस्कार, कसे आहात?’ मी म्हणतो, बरा आहे. हसू नका. इथं दिवसभरात दुसरं कोण विचारतं? दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो.

हे लोक चाकणला गेले तेव्हा जुना मोबाईल मला दिला, धड्यांसकट. पल्लवीच्याच नावानं होता, मी तसाच ठेवला. आधी दर रविवारी फोन यायचा. नुसता फोन मला जमत नाही, म्हणून चित्राचा फोन. पण त्यात चित्र अडकतं, ओठ एकीकडे, आवाज एकीकडे. मी आपला हो हो म्हणायचो, हसायचो, अंदाजानं. सवय असते हो आम्हाला, समोरचं तोंड हसलेलं दिसलं की हसायचं. तर एका रविवारी पल्लवी बोलत होती, बराच वेळ बोलत होती, आणि चित्र अडकलं — तोंड असं उघडं, दात दिसतायत, डोळे बारीक. मला वाटलं हसतेय. मी जोरात हसलो, म्हटलं, ‘वा वा! छान! असंच पाहिजे!’ आणि फोन कट झाला. संध्याकाळी सुषमाचा मेसेज आला. ‘आबा, नवीन शाळेत पोरी तिच्या बोलण्याला हसतात, तिला शाळेत जायचं नाही, ते ती तुम्हाला सांगत होती. रडत होती. तुम्ही हसलात.’

तिची भाषा म्हणजे अशीच ना, थोडी गुजराती, थोडी हिंदी, मध्येच आमची अहिराणी. सुरतेत कुणी हसत नाही त्याला, इथं सगळ्यांची तशीच. तिथं हसले. आणि मग तिचा आबा पण हसला. मी टाईप करत बसलो, दोन तास लागले असतील, ‘बेटा मला दिसलं नाही नीट, मला वाटलं तू हसतेस.’ तिचं उत्तर आलं, ‘ठीक आहे आबा.’ बस. तुम्ही म्हणाल, तिला तर माहीत आहे ना मला ऐकू येत नाही, तिनंच तर शोधून काढलं. माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि रडू येत असताना ते लक्षात राहणं वेगळं. अकरा-बारा वर्षांचं पोर ते. आता फोन येतो, महिन्या-दीड महिन्यानं, ती आईच्या मागून हात हलवते आणि जाते. केस कापलेत तिनं. उंच झालीय.

म्हणून धडे करतो मी. अकरा ते दोन. दुसरं काय करू? घरबसल्या धागे कापायचं काम घेतलं होतं साड्यांचं, पण नजर तेवढी पुरत नाही. तुम्ही बंद नाही ना करणार हे? माझं वय तिथं बसत नसेल, मला माहीत आहे, इयत्ता सातवी लिहिलंय. नाही? नक्की? बघा हं, मान हलवलीत तुम्ही. — हो हो, दिसलं. आणि कागदावर माझं नाव? निंबा? नको नको. असू द्या तिचंच. दोनशे अकरात पहिले साठ-सत्तर तर तिनंच मला शिकवलेत.

एक विचारू का ताई? तुमच्याकडे तो मोठा मोबाईल आहे ना, त्यात सगळ्यांचं दिसतं म्हणालात, वेळ वगैरे. त्यात हे पण दिसत असेल. सुषमा जाताना म्हणाली होती, पल्लवीच्या नवीन फोनवर पण हेच टाकून देऊ, हेच नाव, म्हणजे तिचं पण चालू राहील आणि तुमचं पण. एकच नाव, दोन फोन. म्हणजे मी एखादा धडा पूर्ण केला की तिच्या फोनवर पण तो पिवळा तारा लागत असेल ना? असं चालतं ना ते? तिला कळत असेल की आज आबांनी ज्वालामुखी केला. आज आबांनी हडप्पा केलं. मी काय करतो — हसू नका — शेवटचा प्रश्न सोडून देतो. मुद्दाम. येत असला तरी. वाटतं, ती बघेल, अर्धा राहिलेला धडा, आणि सोडवेल. दुसऱ्या दिवशी उघडतो तर तसाच असतो. असू दे, अभ्यास असेल तिला. मग मी भरतो. बंदराच्या धड्यात तर तीन दिवस ठेवला होता, मला वाटलं सुरतेचं आहे, तिच्या गावाचं आहे, हा तरी ती उघडेल. पण कधी कधी वाटतं, उघडून नुसता बघत असेल. उत्तर देत नसेल, पण बघत असेल. तेवढं तुमच्यात दिसतं का? हे नाव किती फोनवर उघडतं? बघा ना. सावकाश बघा. मला घाई नाही.

मिळालं?

नाही, बोलू नका, तुम्ही खाली बघून बोलताय. बोटानं दाखवा.

एक.

एक म्हणजे — हा धरून एक, की हा सोडून एक?

हां.

हां, समजलं. चौदा महिने? सुरुवातीपासून? — बरं बरं. नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, तुमचा काय दोष, तुम्ही तर बक्षीस घेऊन आलात. टाकायचं राहून गेलं असेल त्यांच्याकडून. नवीन गाव, नवीन शाळा, कुणाला आठवतं असलं काही. नाही नाही, तिला फोन नका लावू. शाळेत असेल ती आत्ता. आणि लावलात तर ती काय बोलली ते मला तुम्हीच सांगणार, त्यात काय मजा.

काय? ओठ हळू हलवा. ‘मी येत जाईन’? — नका म्हणू असं ताई. तुम्ही चांगल्या घरच्या आहात, तुम्ही म्हणाल, आणि मी खिडकीची खुर्ची पुसून ठेवत बसेन.

निघा आता. चार वाजता इथून रिक्षा मिळत नाही, बाजूच्या कारखान्यांची पाळी बदलते, सगळी गर्दी कामगारांची. कागद ठेवा तिथं, टीव्हीवर. फोटो नको. आणि जाताना दार जोरात ओढा. लागलं की नाही ते तुम्हीच ऐका आणि मग जा. मला नाही ऐकू येत ते.